घरचे जनावर गेल्यावर

परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी घरात जनावर दगावले की दुःख आणि कामे एकदमच अंगावर येतात. खड्डा, पंचनामा, शवविच्छेदन, विम्याचा निरोप ही कामे त्याच दिवशी उरकावी लागतात. दुःखाला कोणी मुदत घालून दिलेली नसते, त्यामुळे ते मागे राहते आणि आठवड्याभराने, सवयीने वैरणीची पेंढी दोन जागी टाकताना, एकाएकी वर येते. तोवर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ संपलेली असते. मुळात जनावरासाठी भेटायला येणारे थोडेच. जे येतात तेही बहुधा बैल केवढ्याला घेतला होता आणि विमा होता का, हेच विचारतात.

माणूस गेल्यावर सुतक असते, दहावा-तेरावा असतो, पाहुणे जेवण घेऊन येतात. शोक करायला मोकळी जागा आणि रजा दोन्ही मिळतात. जनावराच्या मृत्यूनंतर यातले काहीच आपोआप मिळत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ च्या पुस्तकात अशा दुःखाची वेगळी नोंद केली. ज्या शोकाला भोवतालचा समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, तो अधिक लांबतो आणि अधिक एकटा पाडतो, असे त्याचे म्हणणे. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचे ठळक उदाहरण मानले जाते. शेतकऱ्याच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण गेलेले जनावर हे भांडवलही असते. रडणाऱ्याला पैशासाठी रडतो असे म्हटले जाते, आणि नुकसानीचे बोलणाऱ्याला बैलाचे काही वाटत नाही असे. प्रत्यक्षात दोन्ही खरे असते आणि त्यात विसंगती काही नाही. दहा वर्षे एकाच जुवाखाली राबलेला बैल पोट भरणारा होता म्हणून कमी लाडका ठरत नाही.

खरे तर जिवंत बैलाचा मान राखण्यात मराठवाडा कुठेच कमी पडत नाही. श्रावण अमावस्येच्या पोळ्याआधी खांदेमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे बैलाला रीतसर निमंत्रण देतात. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, घागरमाळा, शिंगांना हिंगूळ आणि पुरणपोळी. मेलेल्या बैलासाठी मात्र ठरलेला विधी नाही. प्रत्येक घर आपापल्या परीने वाट काढते. कोणी खड्ड्यात उतरवण्याआधी कपाळाला कुंकू लावते, नवे कापड पांघरते. दहावा घालून गावाला जेवण दिल्याच्या बातम्याही महाराष्ट्रात अधूनमधून येतात. त्यावर हसणारे असतात, पण यात नवे काही नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. पाळलेल्या जिवासाठी दगड रचणे हे महाराष्ट्राला पूर्वीपासून ठाऊक आहे.

पहिले काही तास

सर्वांत आधी जनावर सावलीत घ्यावे. ते शक्य नसेल तर वरून ओली पोती टाकावीत. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो आणि मृत शरीर काही तासांत फुगते. मग शवविच्छेदनातून कारण कळणे अवघड होते. त्यामुळे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. जिवंत, आजारी जनावरासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मोठ्या तपासणीसाठी परभणी शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९७२ पासूनचे असून सध्या नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालते.

शवविच्छेदनाला एक अपवाद कडकपणे पाळायचा आहे. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर ते काळपुळी असू शकते. फाशी म्हणतात तोच हा रोग. असे जनावर फाडू नये, कातडे काढू नये, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि हा रोग माणसालाही होतो. अशा वेळी डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन आधी तो तपासतात.

इतर वेळी शवविच्छेदनाला नको म्हणू नये. अनेकांना ते क्रूर वाटते, गेलेल्या जिवाची आणखी चिरफाड कशाला असे मनात येते. हा संकोच समजण्यासारखा आहे. पण ‘कशाने गेला’ याचे उत्तर मिळण्याची ती एकच संधी असते. कागदांसाठी ते लागतेच. घरच्या माणसांच्या मनासाठी ते त्याहून अधिक लागते, कारण उत्तर मिळाले नाही तर पुढचे वर्षभर प्रत्येक जण आपापले उत्तर शोधत राहतो, आणि ते बहुधा स्वतःवर किंवा घरातल्याच कोणावर दोष ठेवणारे असते.

खड्डा

पूर्वी मेलेले जनावर गावाबाहेर टाकत आणि गिधाडे ते संपवत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडेच मेली. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, पण गिधाडे परतलेली नाहीत. ओढून नेण्याचे कामही गावाने काही जातींवर लादलेले होते. ते नाकारण्याचे आवाहन बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकातच केले होते. आता ज्याचे जनावर त्यानेच ते उचलायचे आणि पुरायचे. शेवटची सेवा म्हणून पाहिले तर त्यात कमीपणा काहीच नाही.

मोठ्या जनावरासाठी जेसीबी बोलावावा. खड्डा सात-आठ फूट खोल हवा. विहीर, बोअर, ओढा, नदी यांपासून तो दूर असावा, आणि पुराचे पाणी चढते त्या जागेत नसावा. परभणीच्या काळ्या जमिनीत ही खोली फार महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, खोल फटी पडतात, आणि उथळ पुरलेले जनावर कुत्री उकरून काढतात. ते दृश्य घरच्यांनी पाहिले तर दुःख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जनावराच्या खाली-वर चुना टाकावा आणि माती उंचवट्याने रचावी, कारण पहिल्या पावसात ती खचते. कुत्र्या-मांजरासाठी तीन-चार फूट पुरेत. शहरात जागा नसेल तर महापालिकेला विचारावे किंवा नात्यातल्या कोणाच्या शेतात न्यावे. गोदावरी किंवा दुधना नदीत सोडणे हा मार्ग नव्हे.

खड्ड्यावर लिंबाचे किंवा जांभळाचे रोप लावण्याची पद्धत चांगली आहे. ज्या शेतात जनावर राबले तिथेच, बांधाच्या कडेला जागा निवडली तर घरच्यांना थांबायला एक ठिकाण मिळते. मात्र पुढच्या नांगरटीत येणार नाही अशीच जागा धरावी.

कागद

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि कानातला बारा अंकी बिल्ला कोणालाही काढू देऊ नये. बिल्ल्यासह फोटो काढून ठेवावेत. वीज पडून किंवा पुरात मृत्यू झाला असेल तर तलाठी आणि पशुवैद्यकीय अधिकारी यांच्यासमोर पंचनामा झाल्याशिवाय पुरू नये. आपत्ती निधीच्या २०२२ पासूनच्या दरांनुसार दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मिळतात. विजेच्या तारेने जनावर गेले असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. ही धावपळ शक्यतो भावाने किंवा शेजाऱ्याने अंगावर घ्यावी. ज्याचा हात त्या बैलावर रोज फिरत होता, त्याला त्याच दिवशी चार कार्यालयांत बैलाचे वय आणि किंमत सांगत फिरायला लावणे बरे नाही.

‘माझ्यामुळेच झाले’

जनावराच्या शोकात सर्वांत चिवट भाग अपराधीपणाचा. जनावर बोलत नाही, त्याचे सगळे निर्णय मालकानेच घेतलेले असतात. दावणीला बांधले त्याने, सोडले त्याने, डॉक्टर उशिरा बोलावला तोही त्यानेच. त्यामुळे माणसाच्या मृत्यूत दैवावर जाणारा दोष इथे थेट स्वतःवर येतो.

परभणी ज्वारीचा जिल्हा आहे, तेव्हा इथले नेहमीचे उदाहरण किराळ लागण्याचे. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेले हिरवे फुटवे, यांत सायनाइड तयार करणारा घटक भरपूर असतो. जनावर बांधावरून आत शिरते, दहा-पंधरा मिनिटे चरते, आणि थोड्याच वेळात धापा टाकत, थरथरत खाली बसते. सोडियम थायोसल्फेटची शीर-टोचणी वेळेत मिळाली तर ते वाचते. पण अनेकदा डॉक्टर पोचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. त्या दिवशी गुरे राखायला गेलेला मुलगा किंवा म्हातारा पुढे कित्येक महिने स्वतःला माफ करत नाही. घरात कोणी रागाच्या भरात ‘तुझे लक्ष कुठे होते’ असे बोलून गेले तर ते वाक्य आयुष्यभर राहते. म्हणून हे एक वाक्य गिळावे, कितीही राग आला तरी. पुढे कधी, मन शांत झाल्यावर, ज्वारी फुलोऱ्यात येण्याआधी तिकडे जनावर न्यायचे नाही एवढा धडा घरात बोलावा.

अपराधीपणाचे वजन कमी करण्याचा एक साधा उपाय म्हणजे घडलेले क्रमाने लिहून काढणे किंवा कोणाला तरी क्रमाने सांगणे: केव्हा लक्षात आले, काय केले, कोणाला फोन केला, काय उत्तर आले. डोक्यात फिरणाऱ्या गोष्टीत प्रत्येक चूक आधीपासून दिसत असते. कागदावर उतरल्यावर कळते की त्या वेळी त्या माणसाला जेवढे ठाऊक होते, त्यात तो बहुधा योग्यच वागला होता. डॉक्टरांकडून हेच ऐकायला मिळाले तर अधिक बरे. त्यासाठी चार दिवसांनी पुन्हा दवाखान्यात जाऊन ‘लवकर आणले असते तर वाचला असता का’ असे सरळ विचारावे. उत्तर कधी कधी ‘हो’ येते. तरीही ते अंदाजापेक्षा सोसवते.

काही मृत्यूंत मालकाच्या हाती काहीच नसते, आणि ते वेगळ्या तऱ्हेने सलतात. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला. अंगावर गाठी, पाय सुजलेले, दिवसेंदिवस बसून राहिलेले जनावर घरच्यांनी डोळ्यांदेखत झिजताना पाहिले. सरकारने गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्याच कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. साथ रोखायला ते आवश्यक असते. पण अंगणातल्या चार गावरान कोंबड्यांना नावाने हाक मारणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्या ठणठणीत होत्या, आणि तिला कोणी विचारले नव्हते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात गोठ्यांतली जनावरे वाहून गेली. जिथे शरीरच सापडत नाही तिथे मन बराच काळ मृत्यू मानत नाही, माणसे पाणी ओसरल्यावरही काठाने शोधत राहतात. अशा वेळी घरात एक दिवस ठरवून, गोठ्यात दिवा लावून किंवा आपल्या घरच्या रीतीने, निरोप देणे उपयोगी पडते.

जोडीतला दुसरा

जोडी फुटली की उरलेल्या बैलाकडेही पाहावे लागते. तो हंबरतो, मोकळा सोडला तर जोडीदाराच्या जागी जाऊन हुंगतो, कडबा पुढे टाकला तरी तोंड लावत नाही. दोन-चार दिवस हे चालते. मेलेल्या जोडीदाराला पुरण्याआधी त्याला एकदा जवळ नेऊन हुंगू दिले तर त्याचा शोध थांबतो, असे अनेक शेतकरी सांगतात. मृत्यू संसर्गाने झाला असेल तर मात्र हे करू नये. उरलेल्या बैलाची दावण लगेच बदलू नये, वैरण-पाण्याच्या वेळा त्याच ठेवाव्यात, शेजारी गाय किंवा गोऱ्हा बांधावा. दोन दिवसांहून अधिक रवंथ बंद असेल तर ते दुःख समजून सोडून देऊ नये. तोच आजार त्यालाही झालेला असू शकतो. डॉक्टर बोलवावा.

नवा जोडीदार आणताना घाई होते, कारण पेरणी थांबत नाही. पण जो बैल आयुष्यभर डाव्या अंगाला जुंपला गेला त्याला एकदम उजवीकडे घेतले तर तो अडतो. उंची आणि चालही जुळावी लागते. हंगाम ऐन तोंडावर असेल तर एका मोसमापुरता ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा किंवा भाऊबंदांशी सावड करावी. अंगात जोर असलेला पण मनाने नको असलेला बैल घाईत घरी आणला की तो कायम गेलेल्याशी तोलला जातो. त्यात त्याचा काही दोष नसतो.

मुले आणि म्हातारी माणसे

लहान मुलांना खरे सांगावे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे नीट कळत नाही, ते पुन्हा पुन्हा ‘मोत्या कधी येणार’ विचारते. दर वेळी तेच उत्तर, न रागावता, द्यावे. ‘झोपला आहे’ म्हटले तर मूल झोपायला घाबरते. ‘पळून गेला’ म्हटले तर ते वाट पाहते, आणि पुढे शेजारच्या मुलाकडून खरे कळल्यावर घरच्यांवरचा विश्वास जातो. पुरताना मुलाला यायचे असेल तर येऊ द्यावे, नको असेल तर आग्रह करू नये. मुलाने वाढवलेला बोकड बाजारात किंवा सणासाठी जातो तेव्हाही हेच लागू. शेळी पाळणाऱ्या घराला ते टळत नाही, पण फसवणे टाळता येते.

म्हाताऱ्या माणसांचे दुःख कमी दिसते आणि बहुधा अधिक खोल असते. पहाटे उठून वैरण टाकणे हाच ज्याच्या दिवसाचा आरंभ, त्याला जनावर गेल्यावर उठायलाच कारण उरत नाही. अशा आजोबांना ‘आता आराम करा’ म्हणण्याने हित होत नाही. वासराची, शेळ्यांची, निदान गोठ्याच्या झाडलोटीची जबाबदारी त्यांच्याकडेच ठेवावी.

कुत्रा आणि शेवटचा निर्णय

कुत्रा पिसाळून मेला असेल, किंवा तशी शंका असेल, तर शोकाआधी लस. त्याची लाळ ज्यांच्या जखमेला, ओठाला, डोळ्याला लागली त्या सर्वांनी चावलेली किंवा ओरखडलेली जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लाडका होता, चावला नाही, नुसते चाटले, ही कारणे इथे चालत नाहीत. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

दुर्धर आजारी कुत्र्याच्या बाबतीत दयामरणाचा प्रश्न येतो. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात असह्य वेदना भोगणाऱ्या प्राण्याचे आयुष्य संपवण्याची तरतूद आहे. ते पशुवैद्यकानेच करायचे असते. आधी गुंगीचे, मग शेवटचे इंजेक्शन, आणि नीट केले तर प्राण्याला यातना होत नाहीत. निर्णय घेताना काही गोष्टी आठवडाभर रोज टिपून ठेवाव्यात: खातो का, पाणी पितो का, स्वतः उठून बाहेर जातो का, औषधाने वेदना थांबते का, ओळखीच्या आवाजाला शेपूट हलते का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होऊ लागले की वेळ आली असे समजावे. पाप लागेल या भीतीने महिनाभर तडफडू देणे हे प्रेम नव्हे, एवढे स्पष्ट म्हटले पाहिजे. मात्र निर्णय एकट्याने घेऊ नये. नाहीतर नंतर तोही एकट्याच्याच माथी येतो.

विकलेला बैल

मृत्यूच्या जवळचे पण वेगळे दुःख म्हणजे म्हातारा बैल विकण्याचे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईप्रमाणेच बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. काम न होणारा बैल मग गोठ्यातच राहतो, गोशाळेत जातो किंवा त्याला बाजार दाखवला जातो. दुष्काळी वर्षात कडब्याचा भाव चढला की अनेकांना इलाज उरत नाही. जनावर विकताना दावे देत नाहीत, ते घरीच ठेवतात, ही रीत बऱ्याच घरांत आहे. तेवढ्याने मन भरत नाही. बैल कुठे गेला, कसा असेल, हा प्रश्न उघडाच राहतो. शक्य असेल तर ओळखीच्या माणसाला, जवळच्या गावात द्यावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाहून यावे.

दुःख किती दिवस

शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या ओळीने चढायच्या असतात अशी समजूत फार पसरली आहे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ती मांडणी केली ती स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचे वेळापत्रक म्हणून नव्हे. प्रत्यक्षात दुःख ओसरते आणि पुन्हा येते. पहिला पोळा जड जातो, पहिली पेरणी जड जाते. त्या पोळ्याला गेलेल्या बैलाची घागरमाळ खुंटीवरून काढून पुसावी, उरलेल्या जनावरांसोबत तिलाही कुंकू लावावे. ती अडगळीत टाकण्याची घाई करू नये, आणि नव्या बैलाच्या गळ्यात घालावीशी वाटली तर तसे करायलाही हरकत नाही.

बहुतेकांचे दुःख काही महिन्यांत सोसवेल इतके होते. काही खुणा मात्र वेगळ्या समजाव्यात: आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, दारू वाढली, शेतात जाणे सोडले, कर्जाचे आणि मरणाचे बोलणे एकत्र येऊ लागले. जनावराचा मृत्यू कर्जाच्या, नापिकीच्या वर्षात आला तर तो शेवटचा धक्का ठरू शकतो. अशा घरात कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवाव्यात आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. मन मोकळे करायला टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलते. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार आणि समुपदेशनाची सोय आहे. फोन करताना ‘बैल गेला म्हणून’ असे कारण सांगायला संकोचू नये. तेवढे कारण पुरेसे असते.